पाय माझ्याकडे द्या

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नांदेडच्या जमिनीखालून आवाज आला. रिकामी ट्रॉली खडीवरून ओढत न्यावी, तसा. स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यात खिडक्यांच्या काचा थरथरल्या, सलाइनच्या बाटल्या स्टँडवर डुलल्या आणि लोक एकमेकांकडे बघेपर्यंत सगळं थांबलं. भिंतीला तडा गेला नाही, कुणाला खरचटलं नाही. २००७ च्या त्या हिवाळ्यात असे आवाज अधूनमधून येत होते आणि शहर त्यांना सरावत चाललं होतं.

महामाया मात्र तोवर जिन्यात होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवरून तिनं भाचीला उचललं होतं. मित्रा बारा वर्षांची, अंगानं भरलेली, आणि सकाळीच तिच्या नडगीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. उचलताना हातातली सलाइनची सुई निघाली आणि फ्रॉकवर रक्त सांडलं. अर्धं प्लास्टर बांधलेला उजवा पाय महामायाच्या कोपराखाली लोंबत होता. मित्रा ओरडत होती, पण ते तिच्या मावशीपर्यंत पोचत नव्हतं. किल्लारीच्या माणसाला जमिनीचा आवाज आला की दुसरं काही ऐकू येत नाही.

जिन्याच्या वळणावर खालून धावत येणारा एक माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला. अंगात ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे, पायात रबरी स्लीपर. सगळा दवाखाना खाली पळत असताना हा एकटाच वर निघाला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पायाकडे पाहिलं.

"पाय माझ्याकडे द्या."

"सरका... आधी बाहेर."

"बाहेरच जाऊ. पण पाय माझ्याकडे द्या."

आणि तिनं द्यायची वाट न बघता त्यानं एक तळवा टाचेखाली घातला, दुसरा गुडघ्यामागे. मग तो उलटा, पाठमोरा जिना उतरू लागला. तिच्या हातात पोरीचं अंग, त्याच्या हातात पोरीचा पाय. त्याची नजर पायावरून हलली नाही आणि तिची नजर वरच्या छतावरून. शेवटच्या पायरीवर त्याची एक स्लीपर निसटली. ती तिथंच राहिली.

अंगणात माणसं गोळा झाली होती. तो थेट फरशीवर मांडी घालून बसला, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि बोटं दाबून बघू लागला. एवढ्यात समोरच्या मेडिकलमधून मित्राची आई, सिंधु, औषधांची पिशवी छातीशी धरून पळत आली. तिनं लेकीला बघितलं, बहिणीला बघितलं आणि बहिणीच्या गळ्यात पडली. माझी लेक वाचवलीस माया, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आजूबाजूच्या लोकांनीही माना डोलावल्या. बाईनं हिंमत केली, असं कुणीतरी म्हणालं.

खाली बसलेला माणूस पायाची बोटं दाबतच राहिला. त्याचं नाव डॉक्टर आनंदराज. सकाळी ऑपरेशन त्यानंच केलं होतं. महामाया लातूरहून एसटीनं दुपारी पोचली, म्हणून दोघांनी एकमेकांना आधी पाहिलं नव्हतं.

*

महामाया लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मेडिकलच्या परीक्षेला बसणारी दीडशे पोरं एका हॉलमध्ये, आणि बाहेर मागच्या वर्षी निवडल्या गेलेल्यांचे मोठाले फोटो. मित्रा तर अजून सातवीत होती, पण नांदेडातही आता सातवीपासून फाउंडेशन बॅच निघाल्या होत्या. आदल्या दिवशी त्याच बॅचला सायकलवरून निघालेली असताना वळणावर एका मोटरसायकलनं तिला उडवलं. नडगी मधोमध मोडली. तिचे वडील पाटबंधारे खात्यात, बदलीच्या गावी होते. निघाले होते, पोचले नव्हते.

जमीन शांत झाल्यावर आनंदराज म्हणाला, आता वर नेऊ. महामाया म्हणाली, नाही.

त्यानं समजावलं, की इमारत मजबूत आहे, असे आवाज महिनाभर येताहेत, एकदाही काही पडलेलं नाही.

"पडायच्या आधी कोणतंच छत पडलेलं नसतं," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. हे वाक्य कुणी वाचून बोलत नाही, हे त्याला कळलं असावं. गाव कोणतं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्यावर तो पुढं एक शब्द वाद घालत बसला नाही. दवाखान्याच्या कडेला सायकल स्टँड होतं, वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या. त्यानं खाट तिथं मागवली, सलाइनचा स्टँड मागवला आणि स्वतःसाठी एक स्टूल.

हसीना सिस्टर या दवाखान्यात पार सुरुवातीपासूनच्या. नवी सुई लावता लावता त्या पुटपुटल्या, "क्या डॉक्टरसाब, आज वॉर्ड सायकलीत आणला. उद्या ऑपरेशन पण रसवंतीवर करायचं काय?"

"रसवंतीवर बर्फ मिळतो, सिस्टर. सूज उतरते," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

कारण सूज उतरत नव्हती, चढत होती. त्यानं महामायाला बाजूला बोलावून साध्या शब्दांत सांगितलं. मोडलेल्या नडगीभोवतीचे स्नायू एका घट्ट पिशवीत असतात. आत सूज वाढली आणि पिशवी ताणली नाही, तर रक्त थांबतं. मग काही तासांत स्नायू मरतो. तशी वेळ आली तर पोटरी दोन बाजूंनी उघडावी लागेल. थिएटर तयार ठेवायला सांगितलंय. आता फक्त बघत बसायचं.

"मी शिकवते हे," महामाया म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "फळ्यावर काढून दाखवते पोरांना."

"मग तुम्हीही बघा. मी तिच्या पायाचा अंगठा वर करतो, तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघा. दुखणं वाढलं, तर आतला दाब वाढतोय. पोरं डॉक्टरला खोटं सांगतात."

अशी ती संध्याकाळ गेली. तो खाली बसून मित्राच्या पायाचा अंगठा हलकेच वर करायचा आणि महामाया भाचीच्या भुवया बघायची. आठी पडली की ती त्याच्याकडे बघायची. सिंधु उशाशी बसून लेकीच्या केसांतून हात फिरवत होती. मित्रा मात्र दुखण्यात आणि झोपेत असूनही मधेमधे जागी होऊन टेस्ट कधी आहे ते विचारत होती आणि तोंडानं गणितं सोडवत होती. सुजलेला पाय घेऊन त्रैराशिक सोडवणारं माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय, असं आनंदराज म्हणाला. त्यावर, तुम्ही लातूरला शिकला नाहीत म्हणून, असं महामायानं ऐकवलं.

तो लातूरलाच शिकला होता. गाव लोहा, पण अकरावीला लातूरला आला, तोही ऐन भूकंपाच्या वर्षी. त्यानंतर कित्येक दिवस सगळं होस्टेल मैदानात झोपायचं, आणि पांघरुणात बॅटरी लावून रसायनशास्त्र पाठ करायचं. हे सांगताना तो एकदम थांबला. तिच्या गावची माणसं तेव्हा कुठं झोपत होती, ते त्याच्या लक्षात आलं असावं.

दिवे लागले तेव्हा सूज जागच्या जागी थांबली होती. बोटं गरम, अंगठा वर केला तरी आठी नाही. त्यानं पाठ ताठ केली, आणि बसल्या जागेवरून त्याची नजर महामायाच्या पायांकडे गेली. पायांकडे बघणं हाच त्याचा धंदा.

"डावी चप्पल कुणी करून दिली?"

तिनं पाय मागे घेतला. त्या चपलेला रबराचा जास्तीचा तळवा होता. तिचा डावा पाय थोडा आखूड. अकरा वर्षांची असताना नडगी मोडली होती, किल्लारीच्या त्या पहाटे. हे आजवर लोकांनी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं दाखवलं होतं. लग्नाचं बघायला आलेल्यांनी तर जाताना दारात चपला निरखल्या होत्या.

"लातूरच्या गंजगोलाईत एक आहेत... का?"

"हात चांगला आहे त्यांचा. पण जाडी जास्त झालीय. थोडं तासून घ्या, कंबर दुखायची थांबेल."

"माझी कंबर दुखते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चालण्यानं."

खाटेवरून मित्रा डोळे मिटूनच बोलली, "डॉक्टरकाका, पाय माझा मोडलाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे काढला. काचेच्या दिव्यावर दोन फिल्म शेजारी शेजारी लागल्या, ऑपरेशननंतरची आणि आजची. आनंदराज सिंधुला समजावू लागला. मोठ्या माणसाची नडगी मोडली, तर गुडघ्याकडून एकच जाड रॉड ठोकतात. लेकराला तो चालत नाही. गुडघ्याखाली जिथून हाड वाढतं, तिथली कूर्चा त्यानं फुटते आणि पाय वाढायचा थांबतो. म्हणून त्या जागेच्या खालून, दोन बाजूंनी दोन बारीक लवचिक रॉड आत सरकवलेत. ते धनुष्यासारखे वाकून हाडाला आतून पेलतात. पण पेलतात म्हणजे... थोडं नमतंही घेतात. हाडाला जरासा बाक आलाय. वाट बघू. दर आठवड्याला फिल्म काढू.

बाक कशानं आला, ते त्यानं सांगितलं नाही. सिंधुनंही विचारलं नाही.

महामायाला विचारायची गरज नव्हती. पहिल्या फिल्ममधलं हाड सरळ होतं. दुसऱ्यात नव्हतं. दोहोंच्या मधे एक जिना होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं दोन्ही फिल्म घाईनं उतरवल्या आणि पाकिटात घातल्या.

*

मग दर रविवारी ती लातूरहून यायची. शनिवारचा शेवटचा तास संपला की किल्लारीला आईकडे, नागुबाईकडे जायची, पहाटेच्या जीपनं परत लातूर गाठायची आणि तिथून नांदेडची एसटी धरायची. सोबत हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी. एक्स-रेची पाळी येईपर्यंत सायकल स्टँडच्या कट्ट्यावर डहाळे सोलत बसायचं. आनंदराजही ओपीडी आटोपून तिथंच यायचा. मित्रा व्हीलचेअरवरून दोघांवर लक्ष ठेवायची आणि सोललेला हरभरा आधी कुणाच्या हातात जातो, ते मोजायची. हसीना सिस्टर टरफलांवरून कुरकुरायच्या आणि जाताना ओंजळभर उचलून न्यायच्या.

पहिल्या रविवारी महामाया फाटकातून आत आली तेव्हा तो पाठमोरा होता. वळून न बघता म्हणाला, "तासून घेतली."

"काय?"

"चप्पल. आवाज बदलला."

ती डहाळे सोलायला बसली. पण पुढच्या रविवारी, फाटकापासून कट्ट्यापर्यंत येताना, आपण कसे चालतोय हे तिला पावलापावलाला जाणवत राहिलं.

बोलता बोलता कळलं, की तो दवाखान्यातच राहतो, तिसऱ्या मजल्यावर, छताखालच्या खोलीत. तिनं विचारलं, झोप लागते? तो म्हणाला, मेल्यासारखी. तुम्हाला? मग तिनं सांगितलं. लातूरला तिची खोली पत्र्याची, तळमजल्यावर. खाट दाराला लावलेली, चपला दाराकडं तोंड करून. सरकारनं किल्लारीत आईला पक्कं घर दिलंय, त्यात ज्वारीची पोती राहतात. आई शेजारच्या पत्र्यात. त्या पहाटेपासून महामाया स्वतः एकदाही सिमेंटच्या छताखाली झोपलेली नाही.

"म्हणजे मी झोपतो तिथं तुम्हाला झोप येणार नाही," तो सहज बोलून गेला. मग वाक्याचा दुसरा अर्थ त्याच्या ध्यानात आला आणि त्याचे कान लाल झाले. तिनं डहाळ्याचा एक घाटा फोडला. आतला हिरवा दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.

"डॉक्टर, तुम्ही पायाचंच बोलत जा."

हे सगळं हसत चालायचं. पण एक्स-रेचं दार उघडलं की दोघंही डहाळे खाली ठेवायची. दुसऱ्या रविवारच्या फिल्ममध्ये बाक जागेवर होता. तिसऱ्या रविवारी तो किंचित वाढला होता.

त्या दिवशी पहिल्यांदा वरिष्ठ डॉक्टरही आले होते. फिल्म बघून त्यांनी पुन्हा ऑपरेशन करण्याचं बोलून दाखवलं. आनंदराज म्हणाला, अजून आठवडाभर थांबू, नवं हाड धरायला लागलंय. मोठ्यांनी खांदे उडवले. केस तुझी, असं म्हणाले.

महामायानं त्याला सायकल स्टँडवर गाठलं. मित्राला घेऊन सिंधु रिक्षा बघायला गेली होती.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"बाक माझ्यामुळं आला. मी पाय लोंबकळत ठेवून उचललं म्हणून. तुम्ही अक्काला सांगितलं नाही."

"कारण सांगून हाड सरळ होत नाही."

"तुम्ही मला वाचवून राहिलात."

त्यानं कट्ट्यावरची टरफलं बाजूला सारली. पत्र्यावर एक चिमणी टकटक करत होती.

"आणि आता थांबू म्हणालात," तिनं विचारलं, "ते मित्रासाठी, की तेही माझ्यासाठी? पुन्हा ऑपरेशन झालं तर अक्का विचारणारच ना, कशामुळं..."

त्यानं घड्याळात बघितलं. मग, मला ओपीडी आहे, असं काहीतरी म्हणून तो निघून गेला. त्याला हो म्हणता आलं असतं, नाहीही म्हणता आलं असतं. त्यानं दोन्ही टाळलं, याचीच तिला जास्त भीती वाटली. या माणसावर आपण चिडलोय की त्याची काळजी करतोय, हे तिला रिक्षात बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

*

त्या दुपारी ती लातूरला परत गेली नाही. सिंधुच्या घरी थांबली. मित्रा आतल्या खोलीत झोपली होती. सिंधु परातीत ज्वारी निवडत होती. महामाया समोर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जमीन हलली तेव्हा तुझ्या लेकीला धोका नव्हता. धोका मी केला. डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे, तुलाच माहीत नाही.

सिंधुचा हात थांबला नाही. खडे बाजूला, दाणे बाजूला. मग ती म्हणाली, "तुझा पाय मी ओढला होता."

महामायानं परातीतला एक खडा उचलला.

"भिंतीखाली अडकला होता. तू ओरडून राहिली होतीस, अक्का ओढू नको, ओढू नको. मी अठरा वर्षांची. मला काय कळतंय? ओढला. नंतर कॅम्पातल्या डॉक्टरनं मला एकटीला सांगितलं, मोडलं होतं ते जुळलं असतं. पण ओढल्यानं गुडघ्याखाली वाढायची जागा दुखावली, आता पाय आखूड राहील." तिनं परात खाली ठेवली. "तुला बघायला लोक येतात, चपलेकडं बघून जातात. दर वेळी मला वाटतं, सांगावं. न्हाई सांगितलं."

"मला माहीत होतं, अक्का."

"कधीपासून?"

"बीएस्सीला होते. पुस्तकात चित्र होतं. त्यावरून कळलं."

"मग बोलली का न्हाईस कधी?"

"काय बोलू? तू मला बाहेर काढलंस ना."

सिंधुनं पदरानं नाक पुसलं. "मग माझ्या लेकीचं मी काय येगळं म्हणून राहिले?"

तिनं परात पुन्हा पुढ्यात ओढली. आतून मित्राचा आवाज आला. क्लासचे सर तिला शेवटच्या रांगेत, पाय लांब करता येईल असा बाक देणार होते. त्या बाकावरून फळा दिसतो का, हे आत्ताच्या आत्ता कुणीतरी फोन करून विचारावं, असं तिचं म्हणणं होतं.

*

पुढच्या रविवारी एक्स-रेच्या दाराशी आनंदराज नव्हता. कागदावर वरिष्ठ डॉक्टरांचं नाव होतं. हसीना सिस्टर महामायाच्या कानाशी आल्या. "डॉक्टरसाबनं केस सोडली. सोमवारीच. मोठे साब लई चिडले, का म्हणून विचारलं. हे सांगत न्हाई." मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

तो मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. तिच्या चपलेचा आवाज ऐकून वळला.

"केस का सोडली?" तिनं विचारलं.

"तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर शोधत होतो. सापडलं नाही. म्हणून सोडली."

"मला समजेल असं बोला."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. "फिल्मवर बाकाचा कोन मोजतो ना आम्ही... मोजायला बसलो की मनात यायचं, कमी निघावा. पेशंटसाठी तसं वाटणं ठीक आहे. पण मला ते तुमच्यासाठी वाटत होतं. त्या पहिल्या एक्स-रेच्या सकाळी तुमच्या अक्काला कारण सांगितलं नाही, तेही त्यासाठीच." तो थांबला. "थांबायचं म्हणालो ते बरोबर असेल, चूकही असेल. त्या पायाबद्दलचं माझं मत आता भरवशाचं राहिलेलं नाही. अशा माणसानं मोजू नये."

टाकीतून पाणी ठिबकत होतं. महामायाला बघायला आजवर जी माणसं आली, त्यांनी तिचा पगार विचारला होता, स्वयंपाक विचारला होता. तुझ्यामुळं माझं मोजमाप चुकतं, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"हे तुम्ही मला सांगून राहिलात," ती हळूच म्हणाली, "की रिपोर्ट देऊन राहिलात?"

"रिपोर्ट. म्हणाल तर सही करतो."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही एकदम आल्यानं ती दुसरीकडे बघत म्हणाली, की अक्काला तिनं सगळं सांगितलंय. अक्का काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं डाव्या पायाबद्दल एकच प्रश्न विचारला, थंडीत दुखतो का. डॉक्टर म्हणून विचारता की माणूस म्हणून, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरला मी सोमवारी काढून टाकलंय.

तेवढ्यात आतून हाक आली.

वरिष्ठ डॉक्टरांनी पट्टी लावून कोन मोजला, एकदा, दोनदा. आनंदराज बाहेर व्हरांड्यात उभा राहिला, आत आला नाही. महामाया सिंधुचा हात धरून उभी होती. मित्रा कमरेत वाकून फिल्मकडे बघत होती, जणू पेपर तपासून मिळतोय.

बाक होता तेवढाच होता. वाढला नव्हता, कमीही झाला नव्हता. तीन बाजूंनी नव्या हाडाची ढगाळ रेघ उमटली होती. मोठे म्हणाले, आत्ता उघडत नाही. पोर अजून वाढतेय. वाढता वाढता हाड थोडं सरळ होईल, किती ते मी आज सांगू शकत नाही, आणि सांगेल तो फसवेल. पावसाळा सुरू झाला की पुन्हा फिल्म काढू. तेव्हाही बाक असाच राहिला, तर मग बघू.

मित्रानं विचारलं, की मग पास की नापास. मोठे डॉक्टर म्हणाले, निकाल राखून ठेवलाय.

*

सिंधु आणि मित्रा रिक्षानं पुढं गेल्या. एसटीला अजून वेळ होता. आनंदराजनं विचारलं, वर चहा घेणार का, आणि विचारल्यावर जीभ चावली. पण महामाया जिन्याकडे वळली होती.

ती कठडा धरून चढू लागली. तो एक पायरी मागे. तिच्या तळहाताला घाम आला होता, तो कठड्यावर उमटत होता. वरचं छत तिनं एकदाच बघितलं. वळणावर, जिथं ते दोघं आदळता आदळता राहिले होते, तिथं ती थांबली आणि पायरीवर बसली.

"इथपर्यंतच," ती म्हणाली.

तो वर गेला आणि दोन कप घेऊन खाली आला. तिच्या शेजारी बसला. माणसं जात-येत होती, त्यांना वाट देण्यासाठी दोघं भिंतीकडे सरकत होती आणि दर वेळी थोडी जास्तच सरकत होती. हसीना सिस्टर वरून उतरल्या, त्यांच्या बाजूनं पदर सावरत गेल्या, आणि चार पायऱ्या खाली गेल्यावर एकट्याच हसल्या.

"लोह्याला बाबांचं घर आहे," तो कपात बघत म्हणाला. "पत्र्याचं. ते म्हणतात, उन्हाळ्यात फार तापतं."

"मला सवय आहे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघू लागला. तिनं चहा फुंकला. "मी फक्त पत्र्याचं बोलले, डॉक्टर."

"मीही," तो म्हणाला.

खाली रस्त्यावर एक ट्रक गेला आणि जिना किंचित थरथरला. महामायाचा हात झटकन उठला. आनंदराजनं आपला तळवा पुढं केला, टाचेखाली धरतात तसा, वर वळवून. तिचा हात त्यावर आला. ट्रक गेल्यावरही तो तिथंच होता.

तिसरा मजला अजून वरच आहे. मित्राची फिल्म जूनमध्ये निघेल.